मधमाशीच्या पंखांवर काम सुरू करताय? मग हे आधी वाचा

वेगवेगळ्या भागातल्या मधमाशांच्या पंखांचा शेप कसा बदलतो यावर प्रोजेक्ट घ्यायचा विचार असेल तर जरूर घ्या, विषय फार सुंदर आहे आणि सुरुवातीला खर्चही कमी, एक बरा स्कॅनर किंवा कॅमेरा लावलेला मायक्रोस्कोप असला की भागतं. कामकरी माशीच्या पुढच्या पंखावर शिरा जिथे एकमेकींना मिळतात तिथे साधारण 19 लँडमार्क, म्हणजे प्रत्येक पंखावर त्याच जागी टाकायची खुणेची टिंबं, घेतात. माशी म्हातारी झाली की पंखाची कड झिजते, फाटते, पण हे जोड आत असतात आणि कोशातून बाहेर पडल्यावर त्यांची जागा बदलत नाही, म्हणून तर ही पद्धत इतकी भरवशाची.

जुनी पद्धत क्युबिटल इंडेक्सची, म्हणजे शिरेच्या दोन तुकड्यांच्या लांबीचं गुणोत्तर. मधमाशीच्या कार्निका उपजातीत ते साधारण 2.7 च्या आसपास येतं आणि युरोपातल्या काळ्या माशीत 1.7 च्या जवळपास. हे आधी हाताने मोजून बघाच, नजर तयार होते. पुढे प्रोक्रस्टीस, म्हणजे सगळ्या पंखांचे लँडमार्क एकमेकांवर जुळवून बसवायची पद्धत, वापरून साइज, जागा आणि फिरवणं काढून टाकलं की फक्त शेप उरतो, मॉर्फोजे सॉफ्टवेअरमध्ये हे सहज होतं.

आता खरी गोष्ट. एका पोळ्यातल्या कामकऱ्या बहिणी असतात, राणी बऱ्याच नरांशी मिलन करते म्हणून काही सख्ख्या काही सावत्र, पण आई एकच. त्यामुळे एकाच पोळ्यातून शंभर पंख काढले तरी तुमच्याकडे एकच पोळं आहे, शंभर सॅम्पल नाहीत!! माझं स्पष्ट मत, पंख कमी घ्या पण पोळी वाढवा, आणि तुलना करताना पोळ्याची सरासरी धरा. शिवाय पेटी कुठली, राणी विकत आणलेली का, पेट्या फुलोऱ्यामागे हलवतात का हे पाळणाऱ्याला विचारून तिथेच लिहून ठेवा, नाहीतर ज्याला तुम्ही स्थानिक म्हणताय ती माशी गेल्या वर्षी दुसरीकडून आलेली असते.

लँडमार्क टाकायला बसलात की शीर झूम करून बघा, ती रेघ नसते, जाडसर तपकिरी पट्टा असतो, आणि दोन पट्टे मिळतात तिथे टिंब मध्यावर टाकायचं की आतल्या कोपऱ्यात हे पहिल्याच पंखाला ठरवून शेवटपर्यंत तेच पाळायचं. अल्कोहोलमधून काढलेला पंख काचेवर चिकटतो, खाली बुडबुडा राहिला तर शीर वाकडी दिसते, तो फोटो सरळ पुन्हा घ्या.

आणि एका भागाचे पंख तुम्ही आणि दुसऱ्या भागाचे मित्राने असं कधीच करू नका, कारण मग दिसणारा फरक माशांचा का दोन हातांचा ते कळायला मार्ग नाही. सगळे फोटो नावं लपवून मिसळा, एकानेच टिंबं टाका, आणि काही पंख आठवड्याने परत मोजा. त्याच पंखात तुमचा स्वतःचा फरक किती येतो तो आधी बघा, दोन भागांमधला फरक त्याहून बराच मोठा निघाला तरच पुढे लिहायला घ्या.