दुर्घटनेच्या काळात जाहिराती कशा थांबवाव्यात आणि पुन्हा कशा सुरू कराव्यात

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळ ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला आणि सुमारे नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली. ढिगारे उपसण्याचे काम सुरू असतानाच ‘लेन्सकार्ट’ या चष्मे विकणाऱ्या भारतीय कंपनीचा एक एसएमएस ग्राहकांच्या मोबाइलवर आला. ‘या भूकंपासारखे झटकून टाका आणि गॉगल फुकट मिळवा’ अशा अर्थाचा तो संदेश होता. कंपनीने माफी मागितली, परंतु तोवर त्या संदेशाचे स्क्रीनशॉट देशभर फिरले होते. अशा वेळी ‘मढ्याच्या टाळूवरचे लोणी’ हे शब्द लोकांच्या तोंडी सहज येतात आणि ते अन्यायाचेही म्हणता येत नाहीत. तरीही अशी बरीचशी प्रकरणे आतून पाहिली, तर दुष्टपणापेक्षा बेफिकिरीच अधिक आढळते. जाहिरात सोडण्याचे काम कोणाकडे तरी दिलेले असते, थांबवण्याचे काम मात्र कोणाकडेच नसते. मोठ्या कंपनीत हे घडते आणि दुकानाचे इन्स्टाग्राम खाते एकहाती सांभाळणाऱ्या भाच्याच्या बाबतीतही घडते. म्हणून पुढील सूचना दोघांनाही लागू आहेत.

थांबवण्याचा अधिकार आधीच द्यावा

सर्वांत आधी एका व्यक्तीला, आणि ती रजेवर असल्यास दुसऱ्या व्यक्तीला, वरिष्ठांना न विचारता सर्व जाहिराती थांबवण्याचा लेखी अधिकार द्यावा. रविवारी रात्री मालक फोन उचलत नाहीत, एजन्सी क्लायंटच्या होकाराची वाट पाहत बसते आणि क्लायंटला वाटते की एजन्सीने सारे केव्हाच थांबवले असेल. या तिढ्यात जे दोन तास जातात, तेच पुढे महागात पडतात. थांबवल्याबद्दल कोणालाही जाब विचारला जाणार नाही, हेही त्याच कागदावर लिहून ठेवावे. विक्रीचे लक्ष्य डोक्यावर असलेला कर्मचारी बोलणी खाण्यापेक्षा गप्प बसणे पसंत करतो, हे कोणत्याही कार्यालयात पाहायला मिळते.

त्यानंतर आपल्याकडून काय काय बाहेर जाते, याची यादी करावी. शेड्यूल केलेल्या पोस्ट, पैसे देऊन चालू असलेल्या डिजिटल जाहिराती, एसएमएस, व्हॉट्सॲपवरील सामूहिक संदेश, ईमेल, ॲपची नोटिफिकेशन, एफएमवरील स्पॉट, वृत्तपत्रांत आरक्षित केलेली जागा आणि होर्डिंग हे सारे तिच्यात यायला हवे. प्रत्येकापुढे ते किती वेळात थांबते आणि त्यासाठी कोणाला फोन करायचा, हे नोंदवावे. ही यादी करताना बहुतेकांना आपणच कधी तरी सुरू करून विसरलेला एखादा स्वयंचलित संदेश सापडतो.

अशा संदेशाचे सर्वांत बोलके उदाहरण जर्मनीतील आहे. १९३८ च्या ९ नोव्हेंबरला नाझींनी ज्यूंची घरे, दुकाने आणि प्रार्थनास्थळे उद्ध्वस्त केली होती. २०२२ मध्ये त्याच तारखेला केएफसीच्या ॲपने तेथील ग्राहकांना त्या स्मृतिदिनाचा नावानिशी उल्लेख करून चीज घातलेले कुरकुरीत चिकन खाण्याचे निमंत्रण दिले. सुमारे तासाभराने माफीचा दुसरा संदेश गेला. विशेष दिवसांच्या कॅलेंडरला जोडलेल्या अर्धस्वयंचलित यंत्रणेतून तो मजकूर तयार झाल्याचे कंपनीने सांगितले. यंत्राला ‘दिन’ एवढेच कळते. तो साजरा करायचा आहे की पाळायचा, हे माणसानेच सांगावे लागते. म्हणून कॅलेंडरमध्ये सणांबरोबर शोकाच्या तारखाही घालाव्यात आणि त्या दिवशी कोणताही संदेश माणसाने वाचल्याखेरीज जाणार नाही, अशी व्यवस्था करावी. मुंबईसाठी १२ मार्च (१९९३ चे बॉम्बस्फोट), ११ जुलै (२००६ चे लोकलमधील स्फोट) आणि २६ नोव्हेंबर (२००८ चा दहशतवादी हल्ला) या तारखा तर हव्यातच. लातूर-धाराशिव भागात व्यवसाय असेल, तर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची ३० सप्टेंबर ही तारीखही हवी. २६ जुलै दुहेरी आहे: कारगिल विजय दिवसाच्या शुभेच्छा तयार करताना २००५ च्या महापुरात ज्यांच्या घरचे माणूस गेले, तेही त्या वाचणार आहेत, याचे भान ठेवावे.

शब्दांची पाहणी

मराठी जाहिरातीची भाषा मोठी आपत्तीप्रिय आहे. सवलतींचा महापूर येतो, भाव कोसळतात, किमतींत भूकंप होतो आणि दर दिवाळीला कोठे ना कोठे धमाका असतोच. एरवी या शब्दांकडे कोणी लक्ष देत नाही, परंतु माळीणसारखे गाव दरडीखाली गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘भाव कोसळले’ ही ओळ वेगळी वाचली जाते. म्हणून तयार मजकुरात असे शब्द कोठे कोठे आहेत, हे आधीच हेरून ठेवावे. चित्रांनाही हीच पाहणी लागू आहे. १२ जून २०२५ रोजी मुंबईच्या ‘मिड-डे’ या वृत्तपत्रात ‘किडझानिया’ या मुलांसाठी खेळ-केंद्रे चालवणाऱ्या कंपनीची एक जाहिरात छापून आली, तिच्यात इमारतीतून बाहेर आलेले एअर इंडियाचे विमान होते. त्याच दुपारी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान वसतिगृहावर कोसळले. विमान हा आपल्या केंद्रांच्या रचनेचाच भाग असून जाहिरात अपघातापूर्वीची असल्याचे कंपनीने स्पष्ट केले, शोक व्यक्त केला आणि मोहीम मागे घेतली. येथे कोणाची चूक नव्हती. छापलेले पान परत घेता येत नाही, एवढेच. तरीही खुलासा करून उरलेली मोहीम थांबवणे हेच योग्य होते.

काही शब्द वर्षांनंतरही जागे होतात. २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ स्फोट झाले. चार वर्षांनी, एप्रिल २०१७ मध्ये, आदिदासने स्पर्धकांना पाठवलेल्या ईमेलच्या विषयातच ‘अभिनंदन, बॉस्टन मॅरेथॉनमधून तुम्ही वाचलात’ अशा अर्थाचे शब्द होते. अन्य कोणत्याही शहरातील मॅरेथॉनला ते खपून गेले असते.

पहिला तास

बातमी आली की आधी थांबवावे आणि मग विचार करावा. बातमी खोटी ठरली, तर दोन तासांची जाहिरात बुडेल. खरी ठरली, तर त्याहून बरेच काही वाचेल. प्रत्येक अपघाताला सगळे बंद करता येत नाही, हे खरे आहे. आपले ग्राहक किंवा कर्मचारी त्या भागात आहेत का आणि आपल्या मालाचा त्या घटनेशी संबंध लागतो का, हे दोन प्रश्न विचारावेत. एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर थांबावे. पर्यटन कंपनीने विमान अपघाताच्या दिवशी आणि छत्र्या विकणाऱ्याने पुराच्या दिवशी गप्प राहावे, इतके हे सोपे आहे.

ट्रेंड पाहून लिहिण्याची, म्हणजे मोमेंट मार्केटिंगची, ज्यांना सवय आहे त्यांनी अधिक सावध असावे. जुलै २०१२ मध्ये अमेरिकेतील अरोरा येथे चित्रपटगृहात गोळीबार होऊन बारा जण ठार झाले. शहराचे नाव ट्रेंड होत असताना ‘सेलेब बुटीक’ या ब्रिटिश विक्रेत्याने आपल्या अरोरा नावाच्या पोशाखामुळेच ते होत असल्याचे डोळा मारत लिहिले. एखादा हॅशटॅग का वर आला आहे, हे वाचायला अर्धा मिनिट लागतो.

भाव यंत्राच्या हाती असतील, तर तेही हाताने गोठवावेत. डिसेंबर २०१४ मध्ये सिडनीतील एका कॅफेत लोकांना ओलीस धरले गेले, परिसरातून माणसे बाहेर पडू लागली आणि मागणी वाढल्यामुळे उबरचे भाडे आपोआप चौपट झाले. आधी कंपनीने अधिक चालक यावेत म्हणून भाडे वाढल्याचे समर्थन केले. नंतर प्रवास मोफत केला आणि घेतलेले पैसे परत दिले. अर्थशास्त्राच्या तासाला ते समर्थन चालले असते.

बोलावे का, आणि काय

न बोलणे हा पूर्ण प्रतिष्ठित पर्याय आहे. फरसाणाच्या दुकानाने शोकसंदेश दिला नाही, म्हणून आजवर कोणी फरसाण घेणे थांबवलेले नाही. बोलायचेच असेल, तर आपल्या चौकांतील फ्लेक्स आठवावा: ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ या शब्दांखाली दिवंगताचे छायाचित्र लहान आणि शोकाकुल कार्यकर्त्यांची छायाचित्रे मोठी. कंपन्यांच्या पोस्टमध्ये हीच चूक लोगोच्या रूपाने होते. माल, सवलत, घोषवाक्य आणि हॅशटॅग यांपैकी काहीही शोकाच्या वाक्यात असता कामा नये. बॉस्टनच्या स्फोटांनंतर ‘एपिक्युरियस’ या पाककृतींच्या संकेतस्थळाने शहराविषयी सहानुभूती व्यक्त करताना त्याच दमात न्याहारीची पाककृती सुचवली. मूळ हेतू कदाचित मायेचाच असेल. पण पाककृती तिथे आली आणि सहानुभूती खोटी वाटू लागली.

मदतीला अट घालू नये. मार्च २०११ मध्ये जपानच्या भूकंप आणि त्सुनामीनंतर मायक्रोसॉफ्टच्या ‘बिंग’ने प्रत्येक रिट्विटमागे एक डॉलर, कमाल एक लाख डॉलर, देण्याचे जाहीर केले. आपत्तीच्या नावावर स्वतःचा प्रसार चालल्याची टीका होताच कंपनीने माफी मागून पूर्ण रक्कम दिली, म्हणजे तेच पैसे खर्च झाले आणि वर नाचक्कीही झाली. याउलट नेपाळच्या भूकंपानंतर एअरटेलने भारतातून तेथे केलेले फोन ४८ तास मोफत केले. त्या दिवशी लोकांना नेमके तेच हवे होते आणि ते कंपनीच्या रोजच्या कामातलेच होते. आपल्या व्यवसायातून असे काही देता येत असेल, तर ते द्यावे आणि कोठे मिळेल एवढेच सांगावे.

चूक झालीच तर

मजकूर काढून टाकावा, परंतु तो नव्हताच असा आव आणू नये. स्क्रीनशॉट कोणाकडे तरी असतोच. माफीत ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ हा ‘तर’ नको. आदिदासने त्या ईमेलनंतर विषयाच्या ओळीचा विचारच केला गेला नव्हता, असे सरळ मान्य केले. माफीचा तो चांगला नमुना आहे. दोष कनिष्ठांवर ढकलणे मात्र लोकांना पटत नाही. पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाली, त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. त्यानंतर ७ मे २०२५ रोजी लष्करी कारवाई झाली, त्याच दिवशी ‘ऑपरेशन सिंदूर’ या नावाच्या ट्रेडमार्कसाठी रिलायन्सकडून अर्ज गेला आणि टीका होताच मागे घेतला गेला. एका कनिष्ठ व्यक्तीने परवानगीवाचून तो चुकून दाखल केल्याचे कंपनीने सांगितले. ते खरे असले, तरी कनिष्ठाला तेवढे करता आले, हा व्यवस्थेचाच दोष ठरतो.

अशा चुकीने धंदा बुडतोच, असे मात्र मानू नये. २०११ मध्ये कैरोतील उठाव आपल्या नव्या कपड्यांमुळे झाल्याचा विनोद करणारे फॅशन-उद्योजक केनेथ कोल यांनी आधी माफी मागितली. दोन वर्षांनी मात्र त्या दिवशी आपल्या कंपनीचा शेअर आणि ऑनलाइन विक्री वाढल्याचे एका मुलाखतीत सांगितले. केवळ नुकसानीची भीती दाखवून वरिष्ठांना पटवू पाहणाऱ्याला हे उदाहरण कधी तरी ऐकवले जाईल. तेव्हा माणुसकीचा मुद्दा आधीच मांडून ठेवलेला बरा.

पुन्हा सुरुवात

किती दिवस थांबावे, याचे कोष्टक नाही. शोध आणि बचाव चालू असेपर्यंत आणि अंत्यसंस्कार होईपर्यंत थांबणे ही किमान मर्यादा मानावी. बाधित जिल्ह्यांत त्याहून अधिक. सगळे एकदम सुरू करू नये. ऑर्डर, दुरुस्ती, दुकानाच्या वेळा यांविषयीचे उपयुक्त संदेश आधी जावेत आणि सवलतीच्या जाहिराती शेवटी. थांबवलेला प्रत्येक मजकूर पुन्हा वाचूनच सोडावा. रिकामी जागा कशाने भरली जाणार आहे, हेही विचारावे. २०११ मध्ये जपानी कंपन्यांनी दूरचित्रवाणीवरील जाहिराती मागे घेतल्या, तेव्हा ती जागा ‘एसी जपान’ या संस्थेच्या सार्वजनिक हिताच्या जाहिरातींनी भरली गेली आणि त्याच त्या जाहिराती इतक्या वेळा दिसल्या की प्रेक्षकांच्या तक्रारींनंतर संस्थेला शेवटी वाजणारी आपल्या नावाची धून काढून टाकावी लागली. पहिल्या दिवशी सुरू केलेल्या पोस्टखालील प्रतिक्रिया एका माणसाने दिवसभर वाचाव्यात आणि बाधित भागातून नाराजी दिसली, तर तेवढ्या पिनकोडपुरती जाहिरात पुन्हा थांबवावी.