बेळगाव भागातल्या रोजच्या गाडीला कॉइलओव्हर: आधी चाल मोजा

कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअपवरच स्प्रिंग बसवलेला आणि उंची बदलता येणारा सेट, घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो तो गाडी किती खाली येईल याचा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात रोज चालणाऱ्या गाडीसाठी महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. गाडी खाली आल्यावर शॉकअपला दाबायला किती चाल उरेल? गाडी उभी असताना शॉकअपचा दांडा जिथे असतो तिथून बंप स्टॉपला (चाल संपताना धक्का झेलणारा ठोकळा) टेकेपर्यंतचं अंतर म्हणजे ही चाल. कंपनीच्या सेटअपमध्ये ती ८० मि.मी. असेल आणि शॉकअपची बॉडी आखूड न करता गाडी ३० मि.मी. खाली घेतली, तर उरतात ५०. तिलकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटचे रूळ असोत की जांबोटी रस्त्यावरचा पावसाळी खड्डा, तो या ५० मि.मी.मध्येच पचवावा लागतो. चाल कमी पडली की स्प्रिंग कडक करावीच लागते, नाहीतर गाडी दर वेळी बंप स्टॉपवर आदळते. म्हणजे कडकपणा आपण आवडीने निवडत नाही, खाली घेतलेली उंची तो आपल्यावर लादते.

हे आकड्यांत पाहू. पुढे इंजिन आणि पुढच्या चाकांना ओढ असलेली १२५० किलोची हॅचबॅक धरा. पुढच्या एका चाकावर साधारण ३८० किलो येतात. त्यातून चाक, ब्रेक, नकल वगैरेचे ४० वजा केले की स्प्रिंगवर उरतात ३४०. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेली पुढची रचना) चाक १ मि.मी. वर गेलं की स्प्रिंग साधारण ०.९५ मि.मी. दबते. या गुणोत्तराचा वर्ग करून स्प्रिंगच्या आकड्याला गुणायचं, म्हणजे चाकाला खरोखर जाणवणारा कडकपणा मिळतो. ३.४ किलो प्रति मि.मी.ची, म्हणजे १ मि.मी. दबायला ३.४ किलो लागणारी, स्प्रिंग घातली तर गाडी सेकंदाला १.५ वेळा झुलते, म्हणजे १.५ हर्ट्झ. ६ किलोची घातली तर तोच आकडा २ हर्ट्झला भिडतो. साध्या कुटुंबाच्या गाड्या १ ते १.३ हर्ट्झमध्ये असतात. रोजच्या स्पोर्टी गाडीला १.५ ते १.७ पुरेसे आहेत. २ च्या वर ट्रॅकची गाडी सुरू होते, आणि आपल्या रस्त्यांवर ती टायर जमिनीवर टिकूच देत नाही. खडबडीत वळणावर हवेत उडालेलं चाक गाडी वळवू शकत नाही, त्यामुळे कडक गाडी इथे मऊ गाडीपेक्षा हळू जाते.

मागच्या स्प्रिंगचा आकडा पुढच्याशी थेट ताडून पाहू नका. बऱ्याच गाड्यांत मागची स्प्रिंग चाकापासून बरीच आत, आर्मवर बसते. गुणोत्तर ०.७ असेल तर वर्ग होतो ०.४९, म्हणजे ६ किलोच्या स्प्रिंगचे चाकाजवळ जेमतेम ३ किलो उरतात. म्हणून ‘पुढे ५, मागे ६’ एवढंच सांगणाऱ्या विक्रेत्याला तुमच्या गाडीचं गुणोत्तर विचारा. त्याला ते माहीत नसेल तर सेट तुमच्या गाडीसाठी बेतलेला आहे याची खात्री धरू नका.

आता प्रकार. पहिला म्हणजे कंपनीच्या किंवा थोड्या आखूड स्प्रिंगवर चांगले शॉकअप. कोनी स्पोर्टमध्ये रिबाउंड (दबलेला शॉकअप परत लांब होतानाचा रोध) कमी-जास्त करता येतो. बिलस्टाइन बी ६ मध्ये काहीच फिरवायचं नसतं, ते कंपनीच्या उंचीवरच काम करतं. आठवड्यातून एकदा गोव्याला आणि रोज ऑफिसला जाणाऱ्या बहुतेकांनी इथेच थांबावं असं आमचं स्पष्ट मत आहे. दुसरा प्रकार म्हणजे आटे असलेल्या बॉडीवर स्प्रिंगची बैठक फिरवून उंची बदलायची. बिलस्टाइन बी १४ आणि केडब्ल्यू व्ही १ मध्ये एवढंच मिळतं, डॅम्पिंग, म्हणजे शॉकअपचा रोध, कारखान्यातून ठरलेलं असतं. बी १६ मध्ये एका खुंटीवर १० टप्पे आहेत आणि कॉम्प्रेशन (दबतानाचा रोध) आणि रिबाउंड दोन्ही एकत्र बदलतात. केडब्ल्यू व्ही २ मध्ये फक्त रिबाउंड फिरतो, व्ही ३ मध्ये दोन्ही वेगवेगळे. तिसऱ्या प्रकारात खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो, त्यामुळे स्प्रिंगला हात न लावता उंची बदलते. बीसी रेसिंगचं बीआर या घडणीचं आहे, त्यात ३० टप्पे आहेत.

टप्प्यांच्या संख्येवर भुलू नका. ३० टप्प्यांतले वापरण्याजोगे आठ-दहाच असतात. खरी किंमत आतल्या व्हॉल्व्हची असते. दांडा हळू सरकताना, म्हणजे ब्रेक मारल्यावर किंवा गाडी वळणात झुकताना, शॉकअपने घट्ट धरलं पाहिजे. खड्ड्याची कड लागून दांडा झपकन आत जातो तेव्हा त्याने तेल सोडून दिलं पाहिजे. इथे हळू आणि जलद म्हणजे दांड्याचा वेग, गाडीचा नव्हे. स्वस्त सेटमध्ये हा दुसरा गुण नसतो, म्हणून ते सपाट रस्त्यावर छान वाटतात आणि उचकटलेल्या डांबरावर मणका हलवतात.

मोनोट्यूब की ट्विनट्यूब, म्हणजे एका नळीचा शॉकअप की दोन नळ्यांचा? मोनोट्यूबमध्ये तेल लवकर थंड होतं आणि घाट उतरताना धार टिकते. पण त्याच्या नळीतच पिस्टन सरकतो, त्यामुळे दगडाचा एक पोचा आला की काम संपलं. ट्विनट्यूबच्या बाहेरच्या नळीला लहान पोचा आला तरी आतली नळी शाबूत राहते. खडी विखुरलेल्या रस्त्यावर रोज जायचं असेल तर चांगलं ट्विनट्यूब अजिबात कमीपणाचं नाही.

वरच्या माउंटबाबत, म्हणजे शॉकअपचं वरचं टोक गाडीला जिथे बसतं त्याबाबत, आमचा सल्ला ठाम आहे, रोजच्या गाडीला रबरी माउंटच ठेवा. पिलोबॉल माउंटमध्ये गोळीचा बेअरिंग उघडा असतो. खानापूरकडची जांभ्याची लाल धूळ आणि पावसाचं पाणी त्यात शिरलं की स्टिअरिंग फिरवताना टकटक सुरू होते, आणि लोक उगाच लिंक रॉड बदलत बसतात. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलणारी कॅम्बर प्लेट हवीच असेल तर रबर असलेली शोधा.

किती खाली घ्यायची?

१० ते २० मि.मी., त्याहून जास्त नको. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सें.मी. उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गावोगावी मात्र याहून अरुंद आणि टोकदार उंचवटे भेटतात. अशा उंचवट्यावर पुढची चाकं पार होऊन मागची अजून यायची असतात, तेव्हा मधल्या भागाखाली पूर्ण १० सें.मी. मोकळे लागतात. शिवाय गाडी भरली की बसते. ड्रायव्हरखेरीज तिघे आणि सामान मिळून मागच्या चाकांवर १८० किलो जास्तीचे आले आणि मागच्या प्रत्येक चाकाचा कडकपणा २५ न्यूटन प्रति मि.मी. असेल, तर मागची बाजू ३५ मि.मी. खाली जाते. म्हणून ग्राउंड क्लिअरन्स भरलेल्या गाडीचा मोजा. तो १२० मि.मी.च्या खाली जात असेल तर उंची वाढवा.

आणखी एक खूण आहे. गाडी चारही चाकांवर उभी असताना पुढच्या लोअर आर्मचं चाकाकडचं टोक आतल्या बुशपेक्षा वर गेलेलं दिसलं, तर गाडी जास्त खाली आली. अशा वेळी रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली सरकतं आणि गाडी वळणात उलट जास्त झुकू पाहते. टाय रॉडचा कोन बिघडल्याने खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढतं. ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंटही वाकड्या कोनात फिरत राहतात.

बसवताना

सुरुवात मापांनी करा. सपाट जागी, अर्धी टाकी पेट्रोल, टायरमध्ये दरवाज्यावरच्या स्टिकरप्रमाणे हवा. चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. जुने बुश, लोअर आर्मचे बॉल जॉइंट, माउंटचे बेअरिंग आत्ताच तपासा, कारण फुटक्या बुशवर महागडा सेट बसवला की सगळा दोष सेटवर येतो.

दांड्यावरचा नट एअर गनने सोडू किंवा आवळू नका. गनने दांडा आत फिरतो आणि आतली ॲडजस्टर पिन किंवा सील खराब होते. दांडा ॲलन कीने धरून हाताच्या पान्याने आवळा, शेवटी टॉर्क रेंच. एकदाच वापरायचे बोल्ट आणि सेल्फ लॉकिंग नट नवे घ्या. टॉर्कचे आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले.

सगळ्यात जास्त होणारी चूक रबर बुशची. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. गाडी खाली उतरली की बुश पिळवटून राहतं, उंची खोटी दिसते आणि काही महिन्यांत रबर फाटतं. हे बोल्ट आधी सैल ठेवा, चाकाखाली आधार देऊन आर्म उभ्या गाडीच्या कोनात आणा, मग आवळा. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून कुठे घासत नाहीत ना, ते पाहा.

प्रीलोडबद्दलचा (गाडीचं वजन येण्याआधीच स्प्रिंगला दिलेला दाब) गैरसमजही इथेच दूर करू. स्प्रिंगची बैठक वर फिरवली म्हणजे स्प्रिंग कडक होते, असं सर्रास सांगतात. सरळ गुंडाळीच्या स्प्रिंगचा आकडा त्याने बदलत नाही, बदलते फक्त उंची आणि वर-खालच्या चालीची वाटणी. खालचा ब्रॅकेट वेगळा असलेल्या सेटमध्ये मोकळी स्प्रिंग हाताने हलणार नाही इतपत बैठक लावा, वर २ ते ५ मि.मी. द्या आणि पुढे उंची ब्रॅकेटवरच बदला. ब्रॅकेटमध्ये किती आटे शिल्लक हवेत हे कंपनीच्या कागदात दिलेलं असतं, त्याच्या खाली कधीच जाऊ नका. स्प्रिंग कापणं किंवा तापवून बसवणं तर सोडूनच द्या. उद्यमबागेत उत्तम लेथ आणि हायड्रॉलिकचे कुशल कारागीर आहेत, दांड्याचं क्रोम आणि सील त्यांना कळतात. पण शॉकअपच्या शिम (व्हॉल्व्हच्या पातळ चकत्या) बदलणं आणि नायट्रोजन भरणं हे वेगळं कसब आहे, आणि केलेलं काम डायनोवर (शॉकअपचा जोर मोजणारं यंत्र) तपासावं लागतं. सेट घेतानाच तो उघडून दुरुस्त होतो का, सीलचे किट मिळतात का, हे विचारा. टाइन फ्लेक्स झेडसारखे सेट सीलबंद असतात, ते गळले की नवेच घ्यायचे.

३०० ते ५०० कि.मी. चालल्यावर स्प्रिंग बसते. मग पुन्हा उंची मोजा, लॉक रिंग आवळा आणि तेव्हाच व्हील अलाइनमेंट करा. रोजच्या गाडीला पुढे उणे १ ते उणे १.५ अंश कॅम्बर चालतो. टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) शून्याजवळ किंवा किंचित आत. टायर आतल्या कडेने खाल्ला गेला की लोक कॅम्बरला बोल लावतात, पण बहुतेकदा दोष टोचा असतो. हेडलाइटची पातळीही लावून घ्या. मागच्या आर्मवर लाइटचा सेन्सर असेल किंवा गाडीला कॅमेरा-रडार असेल, तर कॅलिब्रेशन लागेल. इलेक्ट्रॉनिक शॉकअपच्या गाडीत साधे बसवले की डॅशबोर्डवर दिवा लागतो, त्यासाठीचं मॉड्यूल सेटबरोबर येतं का, ते आधीच पाहा.

टप्पे लावणं

खुंटी, बहुतेक सेटमध्ये घड्याळाच्या दिशेने, हलक्या हाताने बंद होईपर्यंत फिरवा, ते पूर्ण कडक. तिथून मागे मोजत मधोमध या. जोर लावला तर आतली सुई बसते आणि टप्पे निरर्थक होतात. शॉकअपच्या दांड्यावर एक प्लॅस्टिकची झिप टाय बांधून बॉडीपर्यंत खाली सरकवा. उलटा बसणारा शॉकअप नसेल तर हे सहज जमतं. मग नेहमीचा, सगळ्यात वाईट रस्ता घ्या. पंधरा-वीस मिनिटं चालवून तेल गरम होऊ द्या. परतल्यावर टाय दांड्यावर कुठवर सरकली ते पाहा. बंप स्टॉप टेकायला १० ते १५ मि.मी. शिल्लक असेल तर उंची आणि स्प्रिंग बरोबर आहेत. एखाद्या मोठ्या खड्ड्यात स्टॉपला हलकं टेकलं तर बिघडत नाही, चांगला फोमचा स्टॉप हळूहळू कडक होणारी स्प्रिंगच असतो. रोज टेकत असेल तर आधी उंची ५ मि.मी. वाढवा, खुंटी नंतर.

निपाणीकडे हायवेवर ८० च्या वेगात लांब उतार-चढावावर गाडी दोनदा झुलली तर रिबाउंड दोन टप्पे वाढवा. ऊस हंगामात ट्रॉल्यांनी लहरी पाडलेल्या रस्त्यावर गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि मग दणके सुरू होतात, असं वाटलं तर रिबाउंड जास्त झाला आहे. पुढचा खड्डा येईपर्यंत चाक खाली उतरतच नाही. अशा वेळी कडक करण्याची इच्छा होते, करायचं मात्र मऊ. एका वेळी एकच टोक, पुढचं किंवा मागचं, दोन टप्प्यांनी बदला आणि वहीत लिहा. पावसाळ्यात चोर्ला, अनमोड किंवा आंबोलीकडे जाण्यापूर्वी चारही बाजू दोन-तीन टप्पे मऊ करा, मागची तर नक्कीच. मागचा रिबाउंड कडक असेल तर ओल्या वळणावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच शेपूट सुटतं.

पावसाचा दुसरा त्रास गंजाचा. कणकुंबी पट्ट्यातला लाल चिखल आट्यांत बसून वाळला की रिंग हलत नाही, आणि किनाऱ्यावर गेलेल्या गाडीला खारी हवा तोच त्रास देते. घेताना स्टेनलेस बॉडी परवडत असेल तर घ्या. झिंकचा मुलामा असेल तर मे अखेरीस आटे मऊ ब्रशने धुऊन सुकवा आणि मेणाचा स्प्रे मारा. ग्रीस नको, ती धूळ धरते. ऑक्टोबरमध्ये पुन्हा धुवा आणि प्रत्येक लॉक रिंग एकदा सैल करून परत आवळा.

कागदपत्रांचं टाळू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता, मूळ रचनेत बदल करणं अडचणीचं ठरू शकतं. परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पैसे भरण्याआधी केए २२ असो वा केए २३, आपल्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. मूळ स्ट्रट आणि स्प्रिंग तेल लावून, कागदात गुंडाळून घरी ठेवा. गाडी विकताना किंवा तपासणीला नेताना तेच परत बसवावे लागतात.