नवीन अ‍ॅग्रो डेक टेस्ट करताय? या चुका टाळा

मॅजिक अरीनावर (मॅजिक: द गॅदरिंग या कार्ड गेमचं ऑनलाइन रूप) नवीन मोनो रेड, म्हणजे फक्त लाल कार्डांचा अ‍ॅग्रो डेक (पटापट हल्ला करून लवकर जिंकायला बघणारा कार्डांचा संच) बनवला, पाच मॅच खेळल्या, चार हरलो, डेक डिलीट. हे मी स्वतः कितीतरी वेळा केलंय, आणि आता दुसरं कोणी करताना दिसलं की खरंच वाईट वाटतं, कारण त्यातले बरेच डेक चांगले असतात, फक्त टेस्टिंग चुकलेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाच-दहा मॅचवर निकाल लावणं. साधा हिशोब बघा, ५० टक्केच जिंकणारा डेकसुद्धा १० पैकी ७ किंवा जास्त मॅच १०० पैकी साधारण १७ वेळा जिंकून दाखवतो, आणि ५५ टक्के जिंकणारा खरंच चांगला डेक १० मध्ये ४ किंवा कमीच जिंकला असं जवळजवळ २६ वेळा होतं. म्हणजे "दहात सात जिंकलो, डेक भारी आहे" याला काही अर्थ नाही. अ‍ॅग्रोच्या मॅच पटकन संपतात, त्यामुळे ४०-५० मॅच खेळणं काही फार अवघड नाही. आणि स्पार्की बॉटला (अरीनाचा सरावाचा कॉम्प्युटर खेळाडू) हरवून खूश होऊ नका, तो फक्त डेक नीट चालतोय का एवढं बघायला ठीक आहे.

लँड, म्हणजे बाकीची कार्डं खेळायला लागणारी ऊर्जा (माना) देणारी कार्डं, कमी करणं ही दुसरी चूक. डेक स्वस्त आहे ना, मग २२ कशाला, २० पुरेत असं वाटतं, आणि बेस्ट ऑफ वनमध्ये (एकाच गेमवर निकाल) खपूनही जातं कारण तिथे अरीना सुरुवातीला एकापेक्षा जास्त हात काढून डेकमधल्या लँडच्या प्रमाणाच्या जवळचा हात तुम्हाला देतं. बेस्ट ऑफ थ्रीमध्ये (तीनपैकी दोन गेम जिंकायचे) हे नाही. तिथे ६० कार्डांत २० लँड असतील तर पहिल्या सात कार्डांत शून्य किंवा एकच लँड येण्याची शक्यता साधारण २५ टक्के, २२ असतील तर १९. म्हणजे वनमध्ये टेस्ट केलेला डेक थ्रीमध्ये अचानक लँडविना अडकायला लागतो आणि माणूस शफलरला (कार्डं पिसणाऱ्या प्रोग्रॅमला) शिव्या देत बसतो. ज्या फॉरमॅटमध्ये खेळणार त्यातच टेस्ट करा.

हात ठेवण्याबद्दलही. तीन लँड आणि बाकी महागडी कार्डं, असा हात कंट्रोल डेकमध्ये (गेम लांबवणाऱ्या डेकमध्ये) चालेल, अ‍ॅग्रोत पहिल्या दोन टर्नला बोर्डवर काही येत नसेल तर मलिगन घ्याच. म्हणजे हात परत करून नवीन सात कार्डं काढायची आणि एक डेकच्या तळाशी ठेवायचं असतं, तेवढा तोटा चालतो, उशीर चालत नाही. १९९६ मध्ये अटलांटाच्या पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय हा खेळाडू जो लाल डेक खेळला त्यातली कार्डं एकेकटी बघितली तर साधीच होती, पण दर टर्नला सगळा माना वापरला जाईल अशी मांडणी होती, आणि आजही नवीन डेक बघताना मी पहिल्यांदा तेच बघतो, एक मानाची कार्डं किती, दोनची किती.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हरलात की समोरच्याचं लाइफ किती उरलं होतं ते लिहून ठेवा. सुरुवात २० ची, शून्य झालं की गेम संपला. जर बहुतेक वेळा ३-४ उरत असेल तर डेक जवळजवळ बरोबर आहे, एखादं लाइटनिंग स्ट्राइक (थेट लाइफ कमी करणारं, म्हणजे बर्न कार्ड) वाढवून बघा, किंवा कुठल्या टर्नला एक पॉइंट सोडला ते शोधा, बहुतेकदा सापडतोच. पण १२-१३ उरत असेल तर बर्न वाढवून काही होणार नाही, गडबड पहिल्या तीन टर्नमध्ये आहे, लँड, कर्व्ह (एक, दोन, तीन मानाच्या कार्डांचं प्रमाण) नाहीतर मलिगन. हे दोन आजार वेगळे आहेत आणि लोक दोन्हीला एकच औषध देतात, आणखी बर्न! सोबत पहिली टर्न कोणाची होती तेही लिहा, कारण अ‍ॅग्रोला त्याने प्रचंड फरक पडतो, आणि दुसऱ्या नंबरवर खेळून हरलेल्या मॅचेस सलग आल्या की डेक उगाच वाईट वाटायला लागतो.

बदल करताना एका वेळी एकच. सहा कार्डं एकदम बदलली आणि निकाल सुधारला तर कशामुळे ते कसं कळणार? आणि नवीन कार्ड एकेक-दोन टाकू नका, ६० मध्ये दोन प्रती असतील तर सुरुवातीच्या हातात ते साधारण २२ टक्केच दिसतं, चार असतील तर ४० टक्के. टेस्टपुरतं चार टाका, दिसेल तरी.

खेळतानाच्या चुका पटकन सांगतो. ऑल अटॅक बटण सवयीने दाबू नका, आधी समोरच्याच्या पुढच्या टर्नचा मार मोजा. हेस्ट असलेलं (आल्या टर्नलाच हल्ला करू शकणारं) क्रीचर हल्ल्याआधी टाका, नसलेलं शक्यतो हल्ल्यानंतर, म्हणजे ब्लॉक ठरवताना तुमच्याकडे किती माना आहे हे बघून समोरचा जरा थांबतो. आणि वेगळं काम करणारं लँड डेकमध्ये असेल तर ऑटो टॅपवर (लँड आपोआप वापरण्याच्या सोयीवर) विसंबू नका, हाताने टॅप करा.

शेवटची चूक, जुनी डेक लिस्ट. मॉन्स्ट्रस रेज, हार्टफायर हिरो आणि कोरी-स्टील कटर ३० जून २०२५ ला स्टँडर्ड फॉरमॅटमध्ये (अलीकडच्या सेटमधल्या कार्डांचा) बॅन झाले, तरी ती कार्डं असलेल्या लिस्ट अजून सगळीकडे फिरतायत. वाइल्डकार्ड (अरीनावर हवं ते कार्ड बनवायला लागतं ते) एकदा वापरलं की परत मिळवता येत नाही, त्यामुळे लिस्टची तारीख आधी बघा, मग कार्डं बनवा.