गंधकाम्लातील जीवसृष्टी : मांडणी करताना या चुका टाळा

खानदेशातील जुन्या कापूस उत्पादकांना पेरणीआधी सरकी तेजाबाने साफ करण्याची रीत चांगली ठाऊक आहे. प्लास्टिकच्या टबात किलोभर सरकी घ्यायची, तिच्यावर सुमारे 100 मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल टाकून लाकडी काठीने दोन-तीन मिनिटे ढवळायची आणि चिकटलेले तंतू जळून बी कॉफीच्या रंगाचे झाले की लगेच भरपूर पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायची. शुक्राच्या ढगांतील गंधकाम्लात जीव असू शकेल का, या विषयावर मांडणी करणारे आपल्याकडचे विद्यार्थी याच अनुभवावरून निष्कर्ष काढतात की आम्ल सगळेच जाळते, तेव्हा त्यात जीव कसला? पहिली चूक इथे होते.

टबात जळतो तो सेल्युलोज, म्हणजे शर्करेच्या रेणूंची लांब साखळी. तीव्र आम्ल तिच्यातील हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याच्या रूपात ओढून घेते आणि मागे काळा कार्बन उरतो. डीएनएच्या कण्यातही शर्कराच असल्यामुळे आपला डीएनए जसाच्या तसा त्या ढगांत टिकणार नाही, हे खरे आहे. पण प्रत्येक सेंद्रिय रेणू शर्करा नसतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील शास्त्रज्ञ सारा सीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023 मध्ये दाखवले की ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन, थायमिन आणि युरॅसिल ही डीएनए-आरएनएमध्ये माहितीची अक्षरे ठरणारी वलयाकार रचनेची संयुगे 81 ते 98 टक्के गंधकाम्लातही टिकतात. पुढे अमिनो आम्लांची चाचणी झाली, तेव्हा 20 पैकी 19 एकतर जशीच्या तशी राहिली किंवा केवळ त्यांच्या बाजूच्या साखळीत बदल झाला. म्हणून ‘आम्ल जाळते’ असे लिहून थांबू नये, कोणता बंध तुटतो आणि कोणता टिकतो हे लिहावे. त्याचबरोबर ‘जीव सापडला’ असेही लिहू नये, कारण सुटे रेणू टिकणे आणि त्यांतून माहिती साठवणारी, पटल असलेली, स्वतःची नक्कल करणारी व्यवस्था उभी राहणे यांत फार मोठे अंतर आहे.

सर्वांत जास्त गोंधळ तीव्रतेचा होतो, आणि माझ्या मते विषयाचे मर्मही तिथेच आहे. बॅटरीच्या दुकानात द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर 1.28 दाखवतो तेव्हा त्या द्रावणात वजनाने साधारण 37 टक्केच आम्ल असते. बाकी पाणी असते आणि द्रावक, म्हणजे इतर पदार्थ ज्यात विरघळतात तो द्रव, पाणीच असते. शुक्राच्या ढगांतील थेंबांत आम्लाचे प्रमाण साधारण 75 ते 98 टक्के मानले जाते, म्हणजे तिथे द्रावकाची जागा आम्लानेच घेतलेली असते. अशा द्रवासाठी पीएचचा आकडा निरर्थक ठरतो आणि हॅमेट फलन, म्हणजे तीव्र आम्लांची आम्लता मोजण्याचे वेगळे माप, वापरावे लागते. याच कारणाने पिक्रोफिलस या सूक्ष्मजीवाचा दाखलाही येथे लागू पडत नाही, कारण शून्याच्या आसपासच्या पीएचमध्ये जगणारा हा जीव अखेर पाण्यातच राहतो आणि पेशीच्या आतला पीएच 4.6 च्या आसपास सांभाळतो.

तापमानाची चूक लगेच सुधारता येते : 465 अंश सेल्सिअस हा आकडा पृष्ठभागाचा आहे, सुमारे 50 ते 60 किलोमीटर उंचीवरील ढगांत तापमान आणि दाब दोन्ही बरेच सौम्य असतात. इतिहास देतानाही जपावे. कार्ल सेगन आणि हॅरॉल्ड मोरोविट्झ यांनी 1967 मध्ये शुक्राच्या ढगांत जीव असण्याची कल्पना मांडली, पण त्यांच्या डोळ्यांसमोर पाण्याचे ढग होते. ढग गंधकाम्लाचे आहेत हे 1970 च्या दशकात स्पष्ट झाले. तसेच शुक्रावर फॉस्फिन हा जीवसृष्टीची संभाव्य खूण मानला जाणारा वायू आढळल्याचा 2020 मधील वादग्रस्त दावा हा वेगळा प्रश्न आहे, त्याची या द्रावकाच्या चर्चेत सरमिसळ करू नये.

विज्ञान प्रदर्शनात आम्लाने साखर काळी करून दाखवायचीच असेल, तर ती शिक्षकांसमोर, हातमोजे आणि चष्मा घालूनच दाखवावी. आणि तेजाबातून निघालेली सरकी उगवते, म्हणून आम्लात जीव तगतो, असा पुरावा तर कोणी देऊच नये : आतला गर टणक टरफलामुळे आणि अवघ्या दोन-तीन मिनिटांच्या संपर्कामुळे वाचलेला असतो, आणि धुवायला उशीर झालेली सरकी शेतात नीट उगवत नाही.