उंच खुराड्याची उतरती फळी

खुराडे जमिनीपासून 2 फूट उंच, फळी 3 फुटांची. चढ 40 अंशांच्या वर गेला, म्हणून कोंबड्या संध्याकाळी खालीच घुटमळत. आता 5 फूट लांब, 9 इंच रुंद फळी लावली. चढ साधारण 24 अंश. दर 4 इंचांवर बांबूच्या चिपा आडव्या ठोकल्या, खिळ्यांची टोके खालून वळवली. वरचे टोक बिजागरीने दाराशी जोडले. नुसती टेकवलेली फळी हलते, आणि हललेल्या फळीवर कोंबडी पुन्हा पाय ठेवत नाही. पत्रा नकोच, खान्देशातल्या मे महिन्यात तो पाय भाजतो. सवयीसाठी उजेड असतानाच फळीवर ज्वारी टाकावी, अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही. रात्री फळी वर उचलून दाराला कडी लावावी, रानमांजर टपलेलेच असते.