वर्गीकरण पाठ कशाला करायचं, प्रश्न विचारत बसा

वर्गीकरणाचा धडा आला की मुलं आधी तक्ता पाठ करायला घेतात, आणि चार दिवसांनी बेडूक कुठल्या चौकटीत होता तेच आठवत नाही. माझ्या भाचीचं अगदी हेच झालं, म्हणून आम्ही पुस्तक मिटलं आणि जुन्या शर्टांची बटणं घेऊन बसलो. तुम्हीपण तिथूनच सुरू करा. पंधरा-वीस बटणं जमिनीवर ओता आणि मुलांना फक्त दोन गट करायला सांगा, जास्त नाही. भाचीने रंगावरून केले, लाल इकडे बाकीची तिकडे, मग एक बटण अर्धं लाल अर्धं पांढरं निघालं आणि बाईसाहेब अडकल्या. थोडा वेळ ते उलटसुलट करून बघितलं आणि मग तिचं तिलाच सुचलं की भोकं मोजू, दोन भोकांची एका बाजूला चार भोकांची दुसऱ्या. रंगावर वाद होतो, भोकांवर होत नाही. वर्गीकरण म्हणजे हेच, ज्याच्यावर वाद होणार नाही असा प्रश्न शोधायचा, उत्तर हो किंवा नाही असंच यायला हवं, आणि जो गट उरेल त्याला पुढचा प्रश्न.

आता हेच प्राण्यांवर करा. पहिला प्रश्न कायम एकच, पाठीचा कणा आहे का. कुठे राहतो, उडतो का, अंडी देतो का हे प्रश्न मुलांच्या तोंडात आधी येतात आणि तेच फसवतात. उडतं म्हणून वटवाघूळ पक्ष्यांत टाकलं तर मग फुलपाखरालाही पक्षी म्हणावं लागेल, आणि देवमाशाच्या तर नावातच मासा आहे त्यात पोरांची काय चूक, पण तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिल्लाला दूध पाजतो म्हणजे सस्तन.

कणा असलेल्यांसाठी मी प्रश्नांचा क्रम ठरवून टाकलाय. पिसं आहेत? पक्षी, विषय संपला. नाहीत, मग पिल्लाला दूध पाजतात? सस्तन. तेही नाही, मग पोहायचे पर (पिसं नव्हेत) आहेत आणि जन्मभर कल्ल्यांनीच श्वास घेतो? मासा. नाही, मग अंगावर कोरडे खवले नाहीतर कवच? सरपटणारे, म्हणजे साप पाल कासव मगर. आणि शेवटी उरतात ओलसर कातडीचे, लहानपणी पाण्यात कल्ले आणि मोठेपणी फुप्फुसं असलेले उभयचर, आपला बेडूक. क्रम बदलू नका हं, अंड्याचा प्रश्न मध्ये घातला की प्लॅटिपसवर, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या बदकासारख्या चोचीच्या प्राण्यावर, गाडी घसरते, कारण तो अंडी देतो आणि दूधही पाजतो. 1799 मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन लिहिणाऱ्या जॉर्ज शॉ यांनाही शंका आली होती की कुणी बदकाची चोच जोडून आपल्याला बनवतंय की काय, तर मुलांचं काय घेऊन बसलात.

कणा नसलेल्यांत पाय मोजा. 6 असतील तर कीटक, 8 असतील तर कोळ्यांची मंडळी, ढीगभर असतील तर गोम किंवा तिची भावंडं, एकही नसेल तर गांडूळ, गोगलगाय वगैरे (साप इथे घालू नका, त्याला कणा आहे). कीटकांच्या नोंदलेल्या जातीच 10 लाखांच्या आसपास आहेत, त्यामुळे समोर किडा आला की तोच गट निघण्याची शक्यता जास्त. एक गंमत म्हणजे फुलपाखराच्या अळीला खूप पाय दिसतात, पण खरे पाय पुढचे 6 च, मागचे नुसते मांसल आधार असतात. भिंगातून बघितलं तर फरक कळतो, पुढचे टोकदार आणि मागचे गुबगुबीत.

वनस्पतींचा पहिला प्रश्न, फुलं येतात का. शेवाळ, मॉस, नेचे यांना येत नाहीत, बियाही नाहीत. पाइनला फुलं नाहीत पण शंकूत उघड्या बिया असतात. फुलं येणाऱ्यांत खरी मजा आहे, त्यासाठी रात्री घेवड्याच्या बिया आणि मक्याचे दाणे पाण्यात टाका. सकाळी घेवड्याची साल नखाने सोलली की बी आपोआप दोन दळांत उघडते, आणि मधे कडेला बारीकसा कोंब चिकटलेला दिसतो, दोन पिटुकली पानं दुमडून ठेवल्यासारखा. मक्याचा दाणा कितीही दाबा, तसा उघडतच नाही. पहिला द्विबीजपत्री, दुसरा एकबीजपत्री. मग पान उजेडात धरा, द्विबीजपत्रीच्या शिरा जाळीसारख्या, एकबीजपत्रीच्या बहुतेक वेळा समांतर. मूळ उपटलं तर पहिल्यात एक जाड सोटमूळ, दुसऱ्यात गवतासारखा झुपका. एका खुणेवर निकाल देऊ नका, दोन-तीन जुळल्या की मग लिहा.

अळंबीचं काय? ती वनस्पती नाही, स्वतःचं अन्न बनवत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटाकर यांनी 1969 मध्ये सजीवांच्या पाच सृष्टी, म्हणजे सगळ्यात मोठे गट, मांडल्या तेव्हा कवकांना (अळंबी, बुरशी वगैरे) वेगळी सृष्टी दिली.

शेवटी मोठ्या गटाकडून लहान गटाकडे उतरणारी वर्गीकरणाची शिडी, सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. ही मात्र पाठ करावी लागते, सुटका नाही, वनस्पतींत संघाऐवजी विभाग म्हणतात एवढंच. खालच्या दोन पायऱ्यांवरून शास्त्रीय नाव बनतं, ही पद्धत रुळवली स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी, वनस्पतींसाठी 1753 आणि प्राण्यांसाठी 1758 पासूनची नावं धरतात. मुलांना सांगा की हे आडनाव आधी आणि नाव नंतर असं आहे. वाघ पँथेरा टायग्रिस, सिंह पँथेरा लिओ, म्हणजे आडनाव एकच. मांजर फेलिस कॅटस, आडनाव वेगळं, तरी तिघंही मार्जार कुलातलेच.

हे झालं की दहा प्राण्यांचे फोटो घ्या, मुलाला स्वतःची प्रश्नावली लिहू द्या आणि ती दुसऱ्या मुलाच्या हातात द्या. दुसरा अडकला तर प्रश्न बदलायचा. भाचीचा पहिलाच प्रश्न होता, मोठा आहे का, आणि मैत्रिणीने लगेच विचारलं, कोणापेक्षा?