उंदराची फिट बघायला शिकताना

एम. फार्मच्या दुसऱ्या वर्षी अपस्मारावर, म्हणजे फिट येण्याच्या आजारावर, मी तपासत असलेल्या अर्काने सहापैकी सहा उंदीर विजेने आणलेल्या फिटपासून वाचवले होते. कानाला क्लिप लावायची, बटण दाबायचं, उंदीर दचकायचा, दोन-चार झटके द्यायचा आणि चालायला लागायचा. मागचे पाय काठीसारखे ताठ होऊन मागे जातात, ती अवस्था एकालाही आली नाही. सकाळी अर्क न दिलेल्या, म्हणजे कंट्रोल, गटात ती सहाच्या सहा जणांना आली होती. मी संध्याकाळी घरी फोन करून सांगितलं, औषध लागू पडलं!

दुसऱ्या दिवशी ॲनिमल हाउसचे मामा भुसा बदलता बदलता म्हणाले, "ताई, दुपारी चिमट्यांना मिठाचं पाणी लावलं होतं ना?"

नव्हतं लावलं. सकाळी सलाइनची बाटली होती, जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती संपली आणि मी कोरड्या क्लिपा तशाच लावत गेले. कोरड्या कानातून करंट नीट जात नाही. आमचं जुनं कन्व्हल्सिओमीटर, म्हणजे करंट देणारं यंत्र, आपण लावलेला आकडा दाखवायचं, उंदरापर्यंत किती पोचला ते त्याला ठाऊकच नसायचं. प्रयोग परत केला तेव्हा त्याच अर्काच्या गटात सहापैकी पाच उंदरांचे पाय ताठ झाले. शंभर टक्के यश मिठाच्या पाण्यात विरघळलं.

अपस्मारावर प्राण्यांमध्ये काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी हा किस्सा सांगते. तेव्हापासून एक गट सकाळी आणि दुसरा दुपारी असं मी कधी केलेलं नाही. एक कंट्रोल, एक टेस्ट, एक फेनिटोइन (अपस्माराचं जुनं औषध), चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने, आणि प्रत्येक उंदराआधी क्लिपा ओल्या. कुठल्या पिंजऱ्याला काय दिलंय हे निरीक्षण करणाऱ्याला माहीत नसावं. आमच्याकडे शेपटीवरच्या रंगांची यादी मामांच्या खिशात असायची आणि मागूनही ते ती द्यायचे नाहीत.

मॅक्सिमल इलेक्ट्रोशॉक, म्हणजे एमईएस, ही बहुतेकांची पहिली ओळख. छोट्या उंदराला साधारण ५० मिलिअँपिअर, रॅटला, म्हणजे मोठ्या उंदराला, १५०, दोन्ही ०.२ सेकंद. लगेच अंग आखडतं, पाय पोटाशी जातात, मग मागचे पाय ताठ मागे जातात, मग झटके, मग गुंगी. उंदीर उठला तर उठला, नाही तर श्वास थांबून जातो. मोजायचं असतं ते मागच्या पायांचं ताठ होणं. औषधाने ते टळलं तर उंदीर 'प्रोटेक्ट' झाला. एवढं सगळं मिनिटभरात उरकतं आणि नवखा माणूस त्यातला महत्त्वाचा भाग हमखास चुकवतो, कारण तो स्टॉपवॉचकडे बघत असतो. मीही तेच केलं होतं. दोघांनी बसावं. एकाने नजर न हलवता तोंडाने बोलावं, "ताठ... सुटले... झटके", दुसऱ्याने वेळ लिहावी. मोबाइल स्टँडला लावून चित्रीकरण करावं ते वेगळंच.

पीटीझेड, म्हणजे पेंटिलीनटेट्राझोल, हा दुसरा ठरलेला प्रयोग. मेंदूला आवरून धरणारं गाबा नावाचं रसायन असतं, त्याचं काम हे द्रव्य अडवतं. याचा एक जुना धागा मला फार आवडतो. बुडापेस्टच्या लाडिस्लास मेडुना यांनी १९३४ मध्ये मनोरुग्णांना मुद्दाम फिट आणून उपचार करायला सुरुवात केली, तेव्हा आधी वापरला तो कापूर आणि नंतर हेच पीटीझेड. आपल्या देवघरातला कापूर लहान मुलाने खाल्ला तर त्याला आकडी येऊ शकते, हे अजून पुष्कळ घरांत माहीत नसतं.

इंजेक्शन दिल्यावर अर्धा तास उंदरासमोर बसायचं. इथे खरी परीक्षा लागते. एमईएसमध्ये पाय ताठ झाले की नाही हे आंधळ्यालाही कळेल, पण इथे सगळं पायरीपायरीने येतं. त्यासाठी रोनाल्ड रॅसिन यांनी १९७२ मध्ये केलेली श्रेणी वापरतात. पहिली पायरी तोंड आणि चेहऱ्याची हालचाल, दुसरी मान डोलावणं, तिसरी पुढच्या पायांचे झटके, चौथी मागच्या पायांवर उभं राहणं, पाचवी उभं राहून कोसळणं. गंमत अशी की त्यांनी ती पीटीझेडसाठी केलीच नव्हती. रॅटच्या मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या भागाला वीज देऊन आणलेल्या झटक्यांसाठी ती होती. पीटीझेड दिलेला उंदीर अनेकदा मान न डोलावताच एकदम अंगभर उसळतो, वेड्यासारखा पळतो. त्यामुळे बदललेल्या श्रेण्या निघाल्या आहेत. कुठली वापरली ते प्रबंधात स्पष्ट लिहा, नुसतं 'रॅसिन' लिहून भागवू नका. आणि या पायऱ्या म्हणजे क्रम आहे, माप नव्हे. चौथी पायरी दुसरीच्या दुप्पट नसते. त्यांची सरासरी काढून ॲनोव्हा ही सरासऱ्यांची चाचणी लावलेले प्रबंध मी ढिगाने वाचलेत. क्रमासाठीची क्रुस्काल-वॉलिस चाचणी शिकायला एक दुपार पुरते.

किंडलिंगमध्ये मी जास्त रमले. १९६७ मध्ये कॅनडात ग्रॅहम गॉडार्ड यांनी मांडलेली ही गोष्ट. त्यांना अभ्यास करायचा होता शिकण्याचा, म्हणून ते रॅटच्या मेंदूला रोज अगदी हलकी वीज देत होते. काही दिवसांनी ज्या विजेने आधी काहीच होत नव्हतं तिनेच रॅटला फिट येऊ लागली. बंब पेटवताना आधी चिपाडं, मग काटक्या आणि शेवटी ओंडका, तसं. पीटीझेडनेही हे होतं. रॅटला दर एक दिवसाआड वजनाच्या किलोमागे ३५ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे एकट्याने फिट न आणणारा डोस, कित्येक आठवडे द्यायचा. पायऱ्या हळूहळू चढत जातात.

दिवसाआडचं वेळापत्रक मात्र सण बघत नाही. माझं एक इंजेक्शन नेमकं लक्ष्मीपूजनाला आलं. कॉलेजात मी, मामा आणि वॉचमन. बाहेर सुतळी बॉम्ब, आत दचकणारे रॅट. त्या दिवसाचे आकडे मी ठेवले, पण शेजारी लाल पेनाने 'फटाके' असं लिहिलं. आवाज, ताण, खोलीचं तापमान, दिवसाची वेळ, मादी असेल तर तिचं ऋतुचक्र, सगळ्यांनी झटक्याचा उंबरठा हलतो. गणपतीआधी कॉलेजजवळ ढोल-ताशाचा सराव होत असेल तर वेळापत्रक आधीच तसं आखा.

आता ज्या प्रश्नाने व्हायवात माझी दांडी उडाली तो. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "तुमच्या उंदराला अपस्मार आहे का?" मी म्हटलं, हो. ते हसले. निरोगी उंदराला करंट दिला की फिट येते, पण त्याने त्याला अपस्मार होत नाही. अपस्मार म्हणजे बाहेरच्या चिथावणीशिवाय पुन्हा पुन्हा फिट येण्याची मेंदूची वृत्ती. एमईएस आणि पीटीझेडमध्ये आपण फिट बघतो, रोग बघत नाही. किंडलिंगमध्ये मेंदू बदलतो, तरी फिट बहुधा आपण चिथावल्यावरच येते. पायलोकार्पिन किंवा कायनिक ॲसिड देऊन आधी लांबलेली, न थांबणारी फिट आणतात, ती ठरलेल्या वेळी डायझेपामने थांबवतात, आणि मग काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी प्राण्याला आपोआप फिट येऊ लागते. हे माणसाच्या टेम्पोरल लोब, म्हणजे कानशिलाजवळच्या मेंदूच्या भागातल्या, अपस्माराच्या जास्त जवळ जातं. पण त्यात प्राणी दगावतात, वाचलेल्यांना मऊ खाणं भरवावं लागतं, कातडीखाली सलाइन द्यावं लागतं. पहिल्याच वर्षी या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हा फरक पुस्तकी वाटतो, पण त्याची किंमत मोठी आहे. लेव्हेटिरासिटॅम हे अपस्माराचं औषध आज न्यूरॉलॉजिस्टच्या चिठ्ठीवर सर्रास दिसतं. एमईएस आणि पीटीझेडच्या नेहमीच्या चाचण्यांत ते नापास झालं होतं, किंडलिंग केलेल्या प्राण्यांत मात्र चाललं. फक्त दोन चाचण्यांवर विसंबलं असतं तर ते कचऱ्यात गेलं असतं. उलट फेनिटोइन सापडलं ते पटनॅम आणि मेरिट यांच्या बॉस्टनमधल्या कामातून, १९३७ च्या सुमारास, मांजरांना विजेचे झटके देऊन. म्हणजे चाचणी वाईट नसते, ती काय विचारते ते आपल्याला ठाऊक हवं. म्हणून कृपा करून ब्राह्मी, शंखपुष्पी किंवा आणखी एखाद्या पानाचा अर्क घेऊन तेच दोन प्रयोग परत करू नका. गाइडने तोच विषय दिला, तर निदान किंडलिंगचा एक गट तरी मागून घ्या.

आपल्याकडचे प्रश्नही थोडे नाहीत. मेंदूत डुकराच्या पट्टकृमीच्या अळ्या बसल्याने येणारा अपस्मार भारतात भरपूर आहे आणि पीटीझेडचा उंदीर त्याबद्दल काही सांगत नाही. दक्षिणेत डोक्यावरून गरम पाणी घेताना येणाऱ्या फिटचे रुग्ण इतके दिसतात, की बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या संस्थेतल्या संशोधकांनी रॅटमध्येच गरम पाण्याने त्याचं प्रारूप बसवलं. असं काही वाचलं की वाटतं, आपण काय करत बसलो होतो.

परवानगीचं थोडक्यात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या, प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीला आधी सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए म्हणतात. संस्थेच्या आयएईसीकडे, म्हणजे प्राणी नीतिसमितीकडे, फॉर्म बी भरून मंजुरी मिळेपर्यंत एकही उंदीर आणता येत नाही. सहाच का, आठ का नाहीत, याचं उत्तर तयार ठेवा. फिट किती वेळ चालली की प्रयोग थांबवायचा हे आधी लिहून ठेवा आणि डायझेपाम सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवा. शोधायला लागलात तर उशीर झालेला असतो. पहिल्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. सवय होते, पण इतकीही होऊ देऊ नका की पुढच्या उंदराला हात लावताना हात कोरडा वाटेल.

पैशाचं म्हणाल तर जीपॅट ही फार्मसीची प्रवेश परीक्षा पास झालेल्याला एम. फार्मला महिना १२,४०० रुपये मिळत, त्यात पुण्यात खोलीभाडं आणि मेस भागायची, बाकी फार काही नाही. पुढे सीआरओमध्ये, म्हणजे कंपन्यांसाठी संशोधन करून देणाऱ्या संस्थेत, नोकरी लागते, तिथे अपस्मार हा दहा कामांतला एक असतो. मुलाखतीत मला प्रबंधापेक्षा सलाइनच्या बाटलीबद्दल जास्त विचारलं गेलं. तो किस्सा मीच सांगितला होता.

पीएच. डी.ला गेलात तर व्हिडिओ-ईईजी, म्हणजे चित्रीकरणासोबत मेंदूतल्या विजेची नोंद, करावं लागेल. कवटीत बारीक स्क्रू, डेंटल सिमेंट, आणि मग शेकडो तासांचं चित्रीकरण. उंदीर दाणा चावतो तेव्हा स्क्रीनवर जे उमटतं ते नवख्याला फिटच वाटतं. उलट स्ट्रासबूर्गला वाढवलेल्या गेअर्स जातीच्या रॅटमध्ये ॲब्सन्स, म्हणजे क्षणभर भान हरपणारी, फिट येते तेव्हा तो नुसता थबकतो. ईईजी नसेल तर आपण लिहू, 'शांत बसला आहे'.

आता जुनिअर आल्या की मी त्यांच्या हातात लगेच उंदीर देत नाही. जुनी चित्रीकरणं देते आणि एकटीने गुण द्यायला सांगते. मागच्या महिन्यात एकीने माझ्याच किंडलिंगच्या तिसऱ्या आठवड्यातल्या एका रॅटला एक दिला. माझ्या वहीत शून्य होतं. मी म्हटलं, परत बघ. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही बघा." आवाज बंद करून, वेग निम्मा करून बघितलं. रॅट कोपऱ्यात बसला होता, आणि त्याच्या डाव्या बाजूच्या मिशा थरथरत होत्या.